स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप: बसवण्यापासून झिरो करण्यापर्यंत

छर्रे वेडेवाकडे जायला लागले की बहुतेकांचा हात आधी स्कोपच्या (रायफलवरच्या दुर्बिणीच्या) टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या फिरत्या टोपीवर जातो. चार क्लिक वर, सहा डावीकडे, पुन्हा दोन खाली. छर्र्यांचा डबा निम्मा होतो, कागदाची चाळण होते आणि नेम लागत नाही तो नाहीच. दोष टरेटमध्ये क्वचितच असतो. दस्त्याचा सैल स्क्रू, रेलवर (रायफलच्या पाठीवरच्या खाचांवर) सरकलेला माउंट (स्कोप धरणारी पकड), डोळ्यासमोर तिरका उभा असलेला क्रॉस (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) किंवा रायफल आवळून धरणारा हात, नव्वद टक्के घोटाळा इथेच असतो असं मला वाटतं. म्हणून या लेखात छर्रा सोडण्याची वेळ बरीच उशिरा येईल. त्याआधीचं काम नीट झालं तर पुढचं झिरो करणं, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवणं, एका सकाळी उरकतं.

इथे जे लिहिलं आहे ते .177 इंच म्हणजे 4.5 मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), नळी मोडून भरायच्या स्प्रिंग एअर रायफलबद्दल आहे. आपल्याकडे नवख्याच्या हातात बहुधा हीच रायफल येते आणि स्कोपला सर्वांत जास्त छळते तीही हीच.

आधी कायदा आणि जागा

शस्त्र नियम 2016 नुसार ज्या एअर रायफलचा बोअर .177 पेक्षा मोठा नाही आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 जूलच्या वर जात नाही, तिला परवाना लागत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: 0.51 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा साधारण 10 जूल भरते. रायफल घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर बोअर आणि ऊर्जा लिहून घ्या, आणि रायफल बाहेर नेताना त्याची प्रत जवळ ठेवा.

परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली पक्षी-प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे; शेतात नासधूस करणारी पाखरंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. नेम कागदावरच धरायचा. कागदामागे छर्रा अडवणारं काहीतरी भक्कम हवं. लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या ठासून भरल्या आणि त्यामागे जाड फळी लावली तर काम होतं. जवळून लोखंडी पत्र्यावर मारू नका, शिशाचे तुकडे उलटे येतात. गच्चीवर, गल्लीत किंवा जिथे मागून माणूस येऊ शकतो अशा ठिकाणी टार्गेट लावू नका. चुकलेला छर्रा काहीशे मीटर जातो. डोळ्यांवर गॉगल हवाच, जवळ उभा राहणाऱ्यालाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नका.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. तुमच्या मनात 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धा असतील तर स्कोपवर पैसे घालवू नका. आंतरराष्ट्रीय नियमांच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं ते पीप साइटवर, म्हणजे मागची बारीक चकती आणि पुढची कडी यांच्या जोरावर. त्या वाटेने जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पीप साइटच शिका. स्कोप आहे तो ज्यांना 10 ते 30 मीटरवर हौसेने, बारकाईने कागदावर मारायचं आहे त्यांच्यासाठी.

स्प्रिंगचा झटका समजून घ्या

बंदुकीचा धक्का मागे येतो, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. स्प्रिंग रायफलमध्ये धक्के दोन. ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, त्यामुळे रायफल मागे सरकते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो, आणि त्या क्षणी रायफलला पुढे जोराचा हिसका बसतो. छर्रा अजून नळीतच असतो तेव्हा यातला बराचसा गोंधळ उरकलेला असतो.

स्कोपच्या दृष्टीने त्रासदायक आहे तो दुसरा हिसका. रायफल झटकन पुढे जाते आणि जडत्वामुळे स्कोप जागेवर राहू पाहतो, म्हणजे रेलवर तो मागे घसरतो. बंदुकींसाठी बनवलेले कित्येक महागडे स्कोप या उलट्या हिसक्यासाठी बांधलेले नसतात. आतली भिंगं ढिली होतात किंवा क्रॉस फिरतो. विकत घेताना किंमत आणि मोठेपणा याआधी एकच विचारा: हा स्प्रिंग एअर रायफलसाठी आहे का? तसं खोक्यावर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुसरी पाहायची गोष्ट पॅरलॅक्स. बंदुकीच्या स्कोपमध्ये क्रॉस आणि टार्गेट यांची प्रतिमा एकाच पातळीवर येण्यासाठी ठरवलेलं अंतर बहुधा 100 यार्ड असतं, पॉइंट टू-टू (.22 बोअर) बंदुकीच्या स्कोपमध्ये 50 यार्ड. आपण मारणार 10 ते 25 मीटरवर. अशा वेळी डोळा स्कोपच्या मधोमध नसला तर क्रॉस टार्गेटवरून सरकल्यासारखा दिसतो आणि नेमही तेवढाच सरकतो. 40 मिमी भिंगाचा, 100 यार्डांवर बांधलेला स्कोप 20 मीटरवर वापरला तर नुसत्या डोळ्याच्या जागेमुळे होणारी चूक गणिताने दीड सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून पुढच्या भिंगाभोवती किंवा डाव्या बाजूला अंतराची फिरती कडी असलेला, 10 यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप घ्या. 3-9×40 या आकड्यांचा अर्थ तीन ते नऊ पट मोठं दिसणं आणि पुढचं भिंग 40 मिमी. आपल्या अंतरासाठी एवढा पुरे. साधा 4×32 सुद्धा चालतो, फक्त त्याचं पॅरलॅक्स जवळच्या अंतराचं हवं. चोवीस पटीच्या स्कोपमध्ये टार्गेट नव्हे, हाताची थरथर मोठी दिसते.

माउंट: इथे कंजूषी नको

एअर रायफलच्या पाठीवर बहुतेक वेळा दोन समांतर खाचा असतात. त्यांना 11 मिमी डव्हटेल म्हणतात. बंदुकींवर दिसणारी वीव्हर किंवा पिकाटिनी पट्टी वेगळी, रुंद आणि आडव्या खाचांची. तिचा माउंट डव्हटेलवर बसत नाही. 11 मिमी या नावाखाली प्रत्येक कारखान्याचं माप थोडं इकडेतिकडे असतं, तेव्हा व्हर्निअरने मोजून घ्या. स्कोपच्या नळीचा व्यासही तपासा: 25.4 मिमी किंवा 30 मिमी. रिंग त्याच मापाची हवी.

दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या, म्हणजे ज्यात दोन्ही रिंगा एकाच तळावर असतात आणि रेल पकडायला जास्त स्क्रू असतात. त्याला खालून बाहेर येणारी स्टॉप पिन असायलाच हवी. रायफलच्या पाठीवर मागच्या बाजूला एक-दोन गोल भोकं दिसतात, ती त्या पिनसाठीच. पिन भोकात नीट उतरली की स्कोपला मागे घसरायला जागा उरत नाही. भोक नसेल तर माउंटच्या मागे रेलवर आवळायचा वेगळा स्टॉप मिळतो, तो लावा. नुसत्या स्क्रूच्या पकडीवर विसंबलात तर काही दिवसांत माउंट सरकलेला दिसेल.

उंची अशी निवडा की पुढच्या भिंगाची घंटी रायफलला टेकणार नाही, मधून दोन-तीन मिलिमीटर उजेड दिसेल. त्याहून उंच माउंट घेतला की गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो.

आता हातात पाना घ्या. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, नळी उघडून आरपार बघा. मग सर्वांत आधी दस्त्याचे स्क्रू तपासा: पुढचे दोन बाजूचे आणि ट्रिगर गार्डचे. स्प्रिंगच्या हिसक्याने ते हमखास सैल होतात. रेलच्या खाचा आणि माउंटचे जबडे स्पिरिटने पुसून कोरडे करा. कारखान्यातून आलेलं तेल तिथे राहिलं तर पकड बसत नाही. माउंट ठेवा, पिन भोकात खाली सोडा, माउंट मागे ढकलून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवा आणि मग रेलचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. या स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावला तर चांगलं. लाल लावू नका, तो सुटत नाही.

डोळ्याची जागा

स्कोप रिंगांत ठेवा, वरच्या टोप्या लावा, पण स्क्रू एवढेच फिरवा की स्कोप पडणार नाही आणि बोटाने सरकेल.

आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर जिथे सहज बसतो तिथे टेकवा आणि डोळे उघडा. पूर्ण गोल, काठोकाठ उजळ चित्र दिसायला हवं. कडेने काळी कोर दिसली तर मान हलवू नका, स्कोप पुढे-मागे सरकवा. डोळा आणि मागचं भिंग यांत साधारण 75 ते 100 मिमी अंतर येतं. हे सगळं सर्वांत जास्त पटीवर करा, कारण तिथे डोळ्याला जागा सर्वांत कमी मिळते. नऊ पटीला जमलं की तीनला आपोआप जमतं. चष्मा लावून मारणार असाल तर आत्ताही चष्मा डोळ्यांवर हवा. ज्या पवित्र्यात जास्त मारणार त्याच पवित्र्यात जागा ठरवा. टेबलावर बसून ठरवलेली जागा उभ्याने मारताना बहुधा थोडी पुढे-मागे निघते.

त्यानंतर मागच्या भिंगाचा फोकस. हा टार्गेटसाठी नसतो, तुमच्या डोळ्याला क्रॉस स्वच्छ दिसावा म्हणून असतो. स्कोप पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे धरा, सूर्याकडे कधीही नाही. एक-दोन सेकंद बघा, नजर काढा, कडी थोडी फिरवा, पुन्हा बघा. टक लावून पाहत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि अस्पष्ट क्रॉसही स्पष्ट भासतो. पहिल्या नजरेतच रेघा काळ्याभोर आणि धारदार दिसल्या की ती कडी पुन्हा फिरवायची नाही.

ओळंबा

क्रॉसची उभी रेघ नळीच्या बरोबर डोक्यावरून जायला हवी आणि मारताना ती जमिनीला काटकोनात उभी असायला हवी. छर्रा नळीतून निघाला की खाली पडतो. तो पडतो म्हणून आपण नळी किंचित वर रोखलेली असते. रायफल कलली की ते वर रोखणं तिरकं होतं आणि छर्रा बाजूला जातो. 200 मीटर वेगाने निघालेला छर्रा 25 मीटरपर्यंत जाताना सुमारे 9 सेंटिमीटर पडतो. रायफल 5 अंशांनी कलली तर तो 8 मिमी बाजूला लागेल. पाच अंश हा कल डोळ्याला फारसा जाणवतही नाही.

गवंड्याचा ओळंबा 15-20 मीटरवर टांगा. तो नसेल तर दोरीला दगड बांधला तरी चालेल. वारा नको. रायफल टेबलावर मऊ टेकूवर ठेवा, रेलच्या दोन्ही काठांवर आडवी छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून ती सपाट करा, टेकूने स्थिर करा. आता स्कोपमधून बघत तो रिंगांतच हळू फिरवा, उभी रेघ दोरीवर चढेपर्यंत. टरेटच्या टोपीवर लेव्हल ठेवून हे करायची पद्धत मला पटत नाही. स्वस्त स्कोपमध्ये टोपी आणि आतला क्रॉस एकमेकांशी काटकोनात असतीलच असं नाही. दोरी खोटं बोलत नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर आरसा वापरा. रिकामी रायफल काही मीटरवरच्या उभ्या आरशाकडे रोखा, पट कमी ठेवा, स्कोपमधून स्वतःच्याच रायफलचं प्रतिबिंब बघा. उभी रेघ प्रतिबिंबातल्या स्कोपच्या मध्यातून आणि नळीच्या तोंडातून एकदम गेली पाहिजे. गेली तर क्रॉस बरोबर बसला.

मग रिंगांचे स्क्रू. समोरासमोरचे, आळीपाळीने, पाव-पाव फेरा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एका बाजूने टोपी बसली आणि दुसरीकडे फट उरली तर सगळं सोडून पुन्हा करा. माउंटच्या कागदावर टॉर्क दिला असेल तर तो पाळा, नसेल तर साधारण 2 न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसल्यास एलन की उलटी धरा, लांब बाजू स्क्रूत आणि आखूड बाजू बोटांत. एवढ्याने जेवढं आवळेल तेवढं पुरे. जास्त जोर लावलात तर स्कोपची ॲल्युमिनियमची नळी चेपते आणि आतली फिरती नळी अडकायला लागते. आवळताना स्कोप फिरण्याची खोड असते, म्हणून शेवटी पुन्हा एकदा दोरी बघा. सगळं झालं की माउंटच्या मागच्या कडेला लागून रेलवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. पुढे माउंट एक मिलिमीटर जरी हलला तरी ती रेघ सांगेल.

स्कोप मध्यावर आणणे

नव्या स्कोपचा क्रॉस मध्यावर असेलच असं धरू नका, दुसऱ्याकडून घेतलेल्याचा तर नाहीच. स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या काठाला सपाट आरसा चिकटवून धरा, पट सर्वांत कमी करा. क्रॉस दोन दिसतील: एक खरा, एक अंधूक प्रतिबिंब. टरेट फिरवून दोन्ही एकमेकांवर आणा. दुसरा मार्ग क्लिक मोजण्याचा: एका टोकापर्यंत हळू जा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, निम्मे परत या. टोकाशी जोर लावू नका.

हे कशासाठी? कारण नळी मोडायच्या रायफलींत नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. छर्रे फार खाली लागतात, आपण वरचा टरेट फिरवत फिरवत शेवटाला नेतो आणि तिथे आतल्या स्प्रिंगला ताण उरत नाही. मग क्रॉस प्रत्येक हिसक्याला हलतो. मध्यावर आणलेल्या स्कोपने पहिले छर्रे मारलेत की झुकाव किती ते लगेच कळतं. तो जास्त असेल तर टरेट न वापरता मागची रिंग उचला. मागच्या रिंगच्या तळाशी पातळ पट्टी घाला. जुन्या कॅमेऱ्याची फिल्म किंवा थंड पेयाच्या डब्याचा कापलेला पत्रा चालतो. रिंगांमध्ये 100 मिमी अंतर असेल तर 0.1 मिमीची पट्टी 20 मीटरवर छर्रा 20 मिमी वर नेते. दोनाहून जास्त थर लागणार असतील तर पट्ट्यांचा नाद सोडा आणि मुद्दाम उतार दिलेला माउंट आणा, कारण जाड पट्टीने स्कोपची नळी वाकते.

हात सैल, रायफल मोकळी

नवी रायफल असेल तर तिला आधी एक-दोन डबे छर्रे मारून सरावू द्या. सिलिंडरमधलं जास्तीचं तेल जळत असतं तोपर्यंत वेग दर छर्र्याला बदलतो. धूर आणि मोठा आवाज येतो. अशा रायफलला झिरो करण्यात अर्थ नाही. छर्रा न घालता मात्र कधीही सोडू नका, पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो धातूवर आदळतो. भरताना मोडलेली नळी एका हाताने धरून ठेवा. ट्रिगर चुकून सुटला तर नळी मिटते आणि बोटं सापडतात.

धरण्याची रीत बंदुकीच्या उलट आहे. स्प्रिंग रायफल जितकी आवळाल तितकी ती बिथरते, कारण छर्रा नळीत असतानाच ती हलणार आहे आणि प्रत्येक वेळी सारखीच हलली तरच छर्रे एका जागी पडतील. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, पिशवीवर तळहात उताणा, आणि तळहातावर रायफल तिच्या तोल साधणाऱ्या जागी. बोटं मिटायची नाहीत. दस्ता खांद्याला नुसता टेकलेला, गाल हलका, मागच्या हाताची पकड हस्तांदोलनाहून सैल. कडक टेकूवर किंवा बायपॉडवर ठेवून मारलेले छर्रे वेगळ्याच जागी लागतात. ट्रिगर दाबल्यावरही एक-दोन सेकंद क्रॉसकडे बघत राहा. तळहात दोन बोटं पुढे-मागे झाला तरी ग्रुप (एका नेमाने मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका) सरकतो, म्हणून दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि दर वेळी हात तिथेच ठेवा. या एका सवयीने जितका फरक पडतो तितका कोणत्याही महाग स्कोपने पडत नाही.

छर्राही एकच ठरवा. दोन-तीन प्रकारचे घ्या, चपट्या आणि गोल तोंडाचे, प्रत्येकाचे पाच-पाच छर्र्यांचे ग्रुप मारा. ते कुठे लागतात ते आत्ता बघायचं नाही, किती जवळ जवळ लागतात ते बघायचं. ज्याचा ग्रुप लहान, त्याच्यावर पुढचं सगळं. छर्रा बदलला की झिरोही बदलतो.

झिरो

मोठा पांढरा कागद, मधोमध बोटभर काळा ठिपका, अंतर 10 मीटर. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. पॅरलॅक्सची कडी फिरवून टार्गेट स्पष्ट करा. डोकं जरा हलवलं तरी क्रॉस ठिपक्यावर स्थिर राहतो का ते बघा, कडीवरच्या आकड्यांपेक्षा हे विश्वासार्ह. पाच छर्रे मारा, दर वेळी नेम ठिपक्यावरच. पहिला छर्रा खाली गेला म्हणून दुसऱ्याला नेम वर धरायचा नाही.

पाच भोकांचा मध्य काढा आणि ठिपक्यापासून उभं आणि आडवं अंतर पट्टीने मोजा. आता गणित. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) क्लिक असलेल्या स्कोपमध्ये एका क्लिकला 100 मीटरवर 7.3 मिमी फरक पडतो. म्हणजे 10 मीटरवर 0.73, 20 वर 1.45 आणि 25 वर 1.8 मिमी. 0.1 मिलरेडियनचा क्लिक असेल तर हिशेब आणखी सोपा, 10 मीटरवर 1 मिमी आणि 25 वर अडीच. समजा ग्रुप 36 मिमी खाली आणि 15 मिमी डावीकडे आहे. पाव मिनिटाच्या स्कोपला सुमारे 49 क्लिक वर आणि 20 क्लिक उजवीकडे. टरेटवरचा बाण छर्रा कुठे सरकेल ते दाखवतो, त्यामुळे ग्रुप डावीकडे असेल तर बाण उजवीकडे. एवढे क्लिक 10 मीटरला लागतात याने घाबरू नका. हे टरेट दूरच्या अंतरासाठी आखलेले असतात. फिरवल्यावर एक-दोन छर्रे मोजणीत न धरता मारा, आतली नळी जागेवर बसते. मग पुन्हा पाच.

10 मीटरवर नेमका ठिपकाच गाठायचा नाही, किंचित खाली ठेवायचं. त्याचं कारण छर्र्याच्या वाटेत आहे. स्कोप नळीच्या सुमारे 45 मिमी वर बसतो. छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, तिला छेदून वर येतो आणि पडत पडत पुन्हा छेदतो. 200 मीटर वेगाची साधारण रायफल 25 मीटरवर झिरो केली तर माझ्या आकडेमोडीने वाट अशी पडते: 5 मीटरवर छर्रा 2 सेंटिमीटर खाली, 10 वर 3 ते 4 मिमी खाली, 11 मीटरच्या आसपास पहिला छेद, 15 वर 6 मिमी वर, 20 वर 8 मिमी वर, 25 ला बरोबर, 30 वर 18 मिमी खाली आणि 35 वर जवळपास 5 सेंटिमीटर खाली. म्हणजे 10 पासून 25 मीटरपर्यंत नेम न बदलता एक सेंटिमीटरच्या आत. म्हणूनच .177 साठी 25 मीटरचा झिरो मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. तुमच्या रायफलचा वेग, छर्रा आणि स्कोपची उंची वेगळी असेल तर आकडे थोडे सरकतील. 5-5 मीटरच्या टप्प्यांनी स्वतः मारून वहीत लिहून ठेवा.

10 वर ग्रुप ठिपक्याखाली 3-4 मिमी आणि आडवा बरोबर मध्यावर आला की कागद 25 मीटरवर न्या. पॅरलॅक्स पुन्हा जुळवा, पाच मारा, मोजा, दुरुस्त करा. 9 मिमी खाली असेल तर पाच क्लिक. ग्रुपपेक्षा लहान चुकांच्या मागे लागू नका. 20 मीटरवर पाच छर्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले तर स्प्रिंग रायफलसाठी ते उत्तम आहे. त्यात मध्य दीड मिलिमीटर इकडे की तिकडे हे पाच छर्र्यांवरून कळत नाही. शंका असेल तर आणखी दोन ग्रुप त्याच कागदावर मारा, तिन्हींचा मध्य काढा आणि मगच टरेटला हात लावा.

झिरो झाल्यावर स्कोपची परीक्षा घ्या. नेम एकाच ठिपक्यावर ठेवून 20 क्लिक वर, मग 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, प्रत्येक ठिकाणी तीन छर्रे. कागदावर चौकोन उमटला आणि शेवटचे तीन मूळ जागी परतले तर स्कोप खरा आहे. परतले नाहीत तर तो अंतराप्रमाणे फिरवत बसू नका. एकदा झिरो करून टोप्या लावा आणि पुढे क्रॉसवरच्या खुणांनी नेम वर-खाली धरा.

बिघडलं तर

ग्रुप दिवसागणिक एकाच दिशेला सरकत असेल तर पांढरी रेघ बघा, माउंट घसरतोय. एकाच बैठकीत दोन वेगवेगळे ग्रुप पडत असतील तर दस्त्याचे स्क्रू, मग नळीच्या बिजागरीचा बोल्ट. नळी मिटवून बाजूला हलवून बघा, खडखडली तर आधी ते दुरुस्त. छर्रे उभ्या रेघेत पडत असतील तर वेग बदलतोय किंवा तळहाताची जागा. आडवे पसरत असतील तर कल, वारा किंवा पॅरलॅक्स. हे सगळं तपासूनही काही सापडलं नाही तर स्कोप काढून साध्या साइटवर पाच छर्रे मारा. तिथे ग्रुप नीट आला तर स्कोप गेला. नाही आला तर नवा स्कोप घेऊन काही होणार नाही, रायफल कारागिराला दाखवा.

शेवटी आपला पावसाळा. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिन्यांत भिंगांवर बुरशी चढते आणि एकदा ती आत शिरली की भिंगाचा लेप खाऊन टाकते. नायट्रोजन भरलेल्या स्कोपमध्ये आतून वाफ धरत नाही, पण बाहेरची बुरशी त्यालाही लागते. रायफल रेक्झिनच्या किंवा फोमच्या पिशवीत बंद करून जून ते सप्टेंबर ठेवू नका, फोम दमट होतो आणि नळीलाही गंज चढतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, अधूनमधून उन्हात किंवा तव्यावर वाळवून घ्या. भिंग शर्टाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग भिंगाचं कापड. पाऊस सरला की पहिल्यांदा दस्त्याचे स्क्रू आवळा, रेलवरची रेघ बघा आणि 10 मीटरवर पाच छर्रे मारा. मध्य वहीतल्या आकड्याशी जुळला तर 25 मीटरवर जा, नाही जुळला तर पुन्हा माउंटपासून सुरू करा.